नऊशे खड्डे आणि एक गिरमिट: सांगोल्यातल्या डाळिंब बागेसाठी यंत्र निवडताना

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मामांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला आणि मागोमाग फोन केला. पांढऱ्याशुभ्र तळ्यावर जाड कोट घातलेला एक माणूस उभा होता. हातात इंजिन, इंजिनाखाली सुताराच्या गिरमिटासारखा पण कमरेएवढ्या उंचीचा पाता. दोरी ओढली, इंजिन सुरू झालं आणि दहा-बारा सेकंदांत पाता बर्फाच्या आरपार गेला. भोकातून पाणी उसळलं, आणि त्या माणसाने तिथेच स्टूल टाकून मासे धरायला गळ सोडला.

"बघितलास का? एकटा गडी हाय. बर्फ बी दगडावाणीच असतंय की. आपल्याला नऊशे खड्डे मारायचेत. ऑनलाइन मिळतंय, मागवू का?"

सोलापुरात माझं लहान इंजिनांच्या दुरुस्तीचं दुकान आहे. फवारणी पंप, ब्रश कटर, पॉवर वीडर आणि गेल्या काही वर्षांत भरपूर प्रमाणात खड्डे खोदायची यंत्रं. त्यांची गत बहुतेकदा सारखीच असते: एका हंगामात घेतलेलं, दुसऱ्या हंगामात गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेलं, आणि मग विकायच्या आधी 'जरा बघून दे' म्हणून माझ्याकडे आलेलं. इंजिनात बिघाड फारसा नसतो. यंत्र जमिनीला जुळलेलं नसतं, एवढंच. म्हणून मामांना म्हणालो, "मामा, आठ दिवस थांबा. मी रविवारी येतो, तोवर काही मागवू नका." त्या रविवारपासून खांब उभे राहीपर्यंत जे झालं ते इथे सविस्तर मांडतो आहे. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या पट्ट्यात दर उन्हाळ्यात हाच प्रश्न शेकडो घरांत पडतो, आणि उत्तर बहुधा दुकानदाराच्या तोंडून येतं.

जमीन

मामांचं गाव सांगोला तालुक्यात. तीन एकरांचा तुकडा, पण जमीन दोन जातींची. ओढ्याकडचा एक एकर मध्यम ते भारी काळा, त्यात दरवर्षी मालदांडी ज्वारी. वरचे दोन एकर उताराचं माळरान: वर वीतभर माती, खाली मुरूम, काही ठिकाणी मांजऱ्या, म्हणजे अर्धवट झिजलेला खडक, आणि त्याखाली कातळ. सोलापूर जिल्ह्याचं बरंचसं रान असंच आहे. बेसाल्ट खडक झिजून उतारावर मुरूम राहिला आणि बारीक माती खाली वाहत जाऊन काळी जमीन झाली. वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. म्हणूनच डाळिंब इथे रुजलं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ साली सोलापुरात केगावला आलं आणि २०१६ साली सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही उगाच नाही.

मामांना डाळिंबाचा भगवा वाण लावायचा होता. अंतर साडेचार बाय तीन मीटर. या अंतराने एकरी साधारण ३०० झाडं बसतात, म्हणजे तीन एकरांत ९००. शिवाय रानडुकरं आणि मोकाट जनावरांपासून राखण म्हणून चारी बाजूंनी तारेचं कुंपण, त्याला दीडशे खांब. म्हणजे कामं दोन, जमिनी दोन, आणि मामांच्या डोक्यात यंत्र एक.

बर्फाचं यंत्र मातीत का चालत नाही

मामांचा प्रश्न मला उडवून लावायचा नव्हता. यंत्र खरोखर चुलत भावासारखं आहे: वर दोन स्ट्रोकचं पेट्रोल इंजिन, मध्ये वेग कमी करणारा गिअर बॉक्स, खाली मळसूत्री पाता. अमेरिकेच्या उत्तरेला मिनेसोटासारख्या राज्यांत हिवाळ्यात तळी गोठतात आणि लोक त्यावर बसून मासे धरतात. चालत जायचं तर किमान चार इंच जाडीचा स्वच्छ, घट्ट बर्फ हवा असं तिथलं सरकारी खातं सांगतं. भोक सहा, आठ किंवा दहा इंचांचं पाडतात, आणि ते किती मोठं हवं हे मासा ठरवतो. लहान माशांना सहा इंच पुरतात, मोठा मासा वर ओढायचा तर दहा लागतात. आता तिकडे बरेच लोक पेट्रोल सोडून बॅटरीवरच्या यंत्राकडे वळलेत.

फरक आहे तो टोकाला. बर्फाच्या गिरमिटाच्या तळाशी वस्तऱ्यासारखी धारदार सपाट पाती असतात. बर्फ एकजिनसी आणि ठिसूळ, त्यामुळे ती पाती तो किसणीसारखी किसत जातात. उथळ तळ्यात बर्फ संपल्यावर पातं खालच्या वाळूला नुसतं टेकलं तरी धार जाते, म्हणून तिथले लोक त्याला जिवापाड जपतात. आपल्या मुरमात एकसारखं काहीच नसतं. तीन इंच माती, मग भुसभुशीत मुरूम, मध्येच मुठीएवढा धोंडा, मग चुनखडीचा थर. इथे किसून भागत नाही, उकरावं लागतं. म्हणून मातीच्या गिरमिटाला मध्यभागी माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं टोक असतं, ते आधी रुतून पात्याला जागेवर धरतं. कडेला बोल्टने बसवलेले जाड दात असतात, झिजले की बदलता येतात.

मामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे तिथं माशाच्या मापाचं भोक. आपल्याला कशाच्या मापाचं?"

पुढचं सगळं या प्रश्नावर उभं राहिलं, आणि तो मामांनीच विचारला.

खड्डा कुणाच्या मापाचा

डाळिंबासाठी आपल्याकडे वर्षानुवर्षं दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा घेतात. तो ८ घनफूट होतो. उन्हाळ्यात काढून तापू द्यायचा, मग शेणखत, निंबोळी पेंड, ट्रायकोडर्मा आणि चाळलेली माती घालून भरायचा. एवढा मोठा खड्डा रोपाच्या पिशवीसाठी नसतो. पहिली दोन वर्षं मुळीला पसरायला मऊ जागा मिळावी म्हणून असतो. मुरमात तर ती जागा आपणच करून द्यावी लागते.

हातात धरायच्या यंत्राला सर्वांत मोठा पाता साधारण १२ इंचांचा लागतो. तो दोन फूट खोल घातला तर निघणारी माती सुमारे १.६ घनफूट. म्हणजे आपल्याला हवा त्याच्या पाचवा हिस्सा. दुकानात यंत्र दाखवताना 'दिवसाला दोनशे खड्डे' म्हणतात तेव्हा ते या पाचव्या हिश्श्याबद्दल बोलत असतात, हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ट्रॅक्टरला मागे जोडायचा पोस्ट होल डिगर १८ इंचांचा घेतला तर साडेतीन घनफूट, २४ इंचांचा घेतला तर ६.३ घनफूट. तो जवळ जातो.

मी मामांच्या ओट्यावर खडूने ही वर्तुळं काढली: आठ इंच, बारा इंच, चोवीस इंच, आणि भोवती दोन फुटांचा चौकोन. मामी चहा घेऊन आल्या, त्यांनी बारा इंचांच्या वर्तुळाकडे बघून विचारलं, "एवढ्यात झाड कसं मावंल?" आकडे बोलून दाखवण्यापेक्षा हे चित्र जास्त उपयोगी पडलं. यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाने एकदा जमिनीवर काढून बघावं असं मला मनापासून वाटतं.

आधी पहार

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही पहार, टिकाव आणि चुन्याची पिशवी घेऊन शेतात गेलो. यंत्र अजून आणलंच नव्हतं. ओळींच्या जागी दर पंधरा-वीस पावलांवर पहार मारायची, दोन फूट जाते का बघायचं. सहज गेली तर एक ठिपका, दणके देऊन गेली तर दोन, वाजली आणि परत उडाली तर फुली. साडेनऊपर्यंत, ऊन चढायच्या आत, तीन एकरांत साठेक जागा तपासून झाल्या.

मामांनी त्या रानात चाळीस वर्षं नांगर धरला आहे, तरी त्यांना एक गोष्ट नवीन कळली. उताराच्या वरच्या टोकाला कातळ असेल असं ते धरून चालले होते, तर तिथे चांगला मुरूम निघाला. फुल्या जास्त पडल्या त्या मधल्या पट्ट्यात आणि कुंपणाच्या ओढ्याकडच्या बाजूला. नांगर आठ-दहा इंचांखाली कधी गेलाच नव्हता.

याच वेळी मामांना आठवलं की विहिरीवरून येणारी जुनी सबमेन पाइप माळाच्या कडेने पुरलेली आहे. तिची रेघ चुन्याने आखून घेतली. गिरमिटाला पीव्हीसी पाइप आणि मुरूम यांत फरक कळत नाही. वीजपंपाची केबल पुरलेली असेल तर मग जिवाशी गाठ.

चाचणीचा दिवस

शेजारच्या वस्तीवरच्या दाजींकडे ५२ सीसीचं हातयंत्र होतं, ८ आणि १२ इंचांच्या पात्यांसह. ते एका दिवसासाठी मागून घेतलं. गावात एकाकडे १८ इंचांचा ट्रॅक्टरचा डिगर होता, तो दुपारनंतर तासाच्या भाड्याने सांगितला.

सुरुवात काळ्या एकरात केली. मार्चची कोरडी काळी जमीन, भेगा पडलेल्या. ८ इंचांचा पाता फूटभर गेला आणि वीट फोडल्यासारखी ढेकळं निघायला लागली. १२ इंचांचा लावला तर इंजिन गुदमरून बंद. यात नवल नाही. ८ वरून १२ वर गेलं की कापायचं क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं, आणि दात मध्यापासून लांब गेल्याने पीळही जास्त लागतो. इंजिन मात्र तेवढंच राहतं.

मी आदल्या संध्याकाळी मामांना तीन जागा भिजवून ठेवायला सांगितलं होतं: एक भरपूर, एक बेताची, एक नुसती शिंपडून. भरपूर भिजवलेल्या जागी पाता लोण्यात सुरी जावी तसा गेला. मामा खूश झाले. मी बॅटरी लावून त्यांना आत बघायला सांगितलं. खड्ड्याची भिंत कुंभाराने हात फिरवावा तशी चोपडी झाली होती. आम्ही त्यात बादलीभर पाणी ओतलं आणि पुढच्या कामाला लागलो. दुसऱ्या दिवशी दुपारीही त्यात वीतभर पाणी होतं.

डाळिंबाला हेच मारतं. ओल्या चिकण मातीत फिरणारा पाता भिंत लिंपून टाकतो. मग खड्डा म्हणजे मडकंच होतं: पाणी मुरत नाही, मुळी भिंतीला लागून गोल फिरत राहते. सतत ओल राहिली की मर रोगाला कारण होणाऱ्या बुरशीचं फावतं. सेराटोसिस्टिस असो की फ्युजेरियम, दोन्ही मुळाच्या वाटेने झाडात शिरतात. बेताची भिजवलेली जागा, म्हणजे मुठीत धरल्यावर गोळा होणारी आणि खाली टाकल्यावर फुटणारी, तिथे पाताही नीट गेला आणि भिंतही खडबडीत राहिली. आपल्या बापजाद्यांनी पेरणीसाठी जो वाफसा बघितला तोच गिरमिटालाही लागतो.

मग माळावर. पहिला खड्डा एका ठिपक्याच्या जागी घेतला, ८ इंचांचा. दोन फूट झाला. दुसरा दोन ठिपक्यांच्या जागी. एक फुटावर पाता धोंड्यात अडकला आणि त्याच क्षणी अख्खं यंत्र उलट्या बाजूला फिरलं. दांडा माझ्या बरगडीच्या बाजूने गेला. मामेभावाने दुसरी बाजू धरली होती, त्याचं मनगट मुरगळलं. हाड वाचलं, पण आठ दिवस त्याला दूध काढता आलं नाही. पाता थांबला तरी इंजिन फिरत असतं, आणि तो सगळा पीळ दांड्यातून हातात येतो. म्हणूनच काही चांगल्या यंत्रांत पाता अडकल्यावर आपोआप थांबवणारा ब्रेक दिलेला असतो. तो नसेल तर दोन माणसांचा दांडा हवा, कोपर अंगाला चिकटवून धरायला हवेत, आणि गाठ सुटलेलं उपरणं किंवा लोंबता पदर जवळपास नको. अडकलेला पाता इंजिन चालू ठेवून हिसके देऊन काढायचा नाही. इंजिन बंद करून पाइप पान्ह्याने उलटा फिरवायचा.

तिथे हातयंत्राची चाचणी मी थांबवली. बारा इंचांचा पाता मुरमात लावून बघायचा मामांचा आग्रह होता. मी नाही म्हणालो आणि तो नकार योग्यच होता.

दुपारी ट्रॅक्टरचा डिगर आला. मऊ मुरमात त्याने छान काम केलं. दोन ठिपक्यांच्या जागी मात्र तासाभरात तीन वेळा शिअर बोल्ट तुटला. हा बोल्ट तुटण्यासाठीच असतो. तो तुटतो म्हणून गिअर बॉक्स वाचतो, तेव्हा त्याजागी कडक बोल्ट घालायचा मोह टाळावा. त्याहून मोठी अडचण म्हणजे मांजऱ्यावर पाता नुसता फिरत राहिला, खाली जाईना. ट्रॅक्टरवाले काका म्हणाले, "दाबायला काय नाय याला." ते बरोबर आहे. बहुतेक ट्रॅक्टरच्या मागच्या लिंका हायड्रॉलिकने वर उचलतात, पण खाली दाबत नाहीत. डिगर स्वतःच्या वजनाने आणि टोकाच्या ओढीने जेवढा जाईल तेवढाच जातो. खडक ते टोक रुतू देत नसेल तर अश्वशक्ती कितीही असो, दात झिजत राहतात.

सीसीचा स्टिकर

चाचणीनंतर आम्ही दोघं सोलापूरला बाजारात गेलो. एका दुकानात मोठ्या अक्षरांत '६८ सीसी' लिहिलेलं यंत्र आम्हाला ५२ सीसीपेक्षा थोड्याच जास्त किमतीत दाखवलं. मी वाकून इंजिनाच्या अंगावरचा ठसा बघितला. त्यात ४४ आकडा होता. या प्रकारच्या इंजिनांत तो आकडा सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. ४४ मिलिमीटर व्यास, दट्ट्याची हालचाल ३४ मिलिमीटर. व्यासावरून वर्तुळाचं क्षेत्रफळ काढून त्याला हालचालीने गुणलं की ५१.७ सीसी येतात. स्टिकरवर काहीही लिहा, ते ५२ सीसीचंच इंजिन. ४८चा ठसा असेल आणि हालचाल ३५ मिलिमीटर असेल तर ६३ सीसी भरतात. दुकानदाराला मी हे शांतपणे दाखवलं. तो म्हणाला, माल वरूनच असा येतो. असेलही. पण पैसे मामांचे जाणार होते, आणि असे पैसे मी दर महिन्याला कुणाचे तरी गेलेले बघतो. याचा मला खरोखर राग येतो.

सीसीपेक्षा मी गिअरचं प्रमाण आधी विचारतो. ३० ला १ म्हणजे इंजिनाचे तीस फेरे झाले की पात्याचा एक. इंजिन मिनिटाला ६५०० फेरे घेत असेल तर पाता सव्वादोनशेच्या आत फिरतो. ४० ला १ असेल तर एकशे साठच्या आसपास. तेच इंजिन, पण पाता हळू आणि पीळ जास्त. मोठा पाता आणि जड जमीन यांना हळू फिरणारं यंत्र हवं. एवढंच की पीळ वाढला की अडकल्यावरचा झटकाही वाढतो, म्हणून दांडा दोघांचा.

बाकीच्या गोष्टी मी पाच मिनिटांत तपासल्या: दात बोल्टचे आहेत की वेल्डिंग केलेले, पात्याचा दांडा नेहमीच्या मापाचा आहे का, दुसऱ्या मापाचे पाते सोलापुरात सुटे मिळतात का, क्लच आणि कार्बोरेटरचे सुटे भाग कुणाकडे आहेत. शेवटचा प्रश्न ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या यंत्राला विचारून बघावा.

अनुदानाचं थोडक्यात सांगतो. महाडीबीटी या राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणाखाली अर्ज करता येतो, पण पूर्वसंमती येण्याआधी यंत्र विकत घेतलं तर ते अनुदान मिळत नाही. मामांना पावसाच्या आत काम उरकायचं होतं. त्यांनी अनुदानाचा नाद सोडला आणि हा निर्णय त्यांचा त्यांनी घेतला.

ठरलं काय

पहारीचा नकाशा समोर ठेवून आम्ही तीन एकरांचं काम तीन वाटांनी करायचं ठरवलं.

माळावरच्या ६०० खड्ड्यांसाठी गिरमिट नाहीच. तिथे दोन फुटी बकेटचा जेसीबी. बकेट मुरूम उकरून, उपटून काढते, तिला गोल फिरायचं नसतं, आणि हायड्रॉलिकचा दाब दोन्ही दिशांनी असतो. शिवाय बकेटने फोडलेल्या खड्ड्याच्या भिंती वेड्यावाकड्या, भेगाळलेल्या राहतात. मुळीला तेच हवं. गावात मजुरांनी उक्त्याने खड्ड्याला ६० रुपये सांगितले होते, म्हणजे ३६ हजार. जेसीबी तासाला १२०० रुपयांनी मिळाला. ताशी चाळीसच्या आसपास खड्डे झाले, सोळा तास लागले, १९ हजारांच्या थोडं वर गेलं. मामांना आधी वाटलं होतं की जेसीबी म्हणजे श्रीमंतांचं काम. खर्च कागदावर मांडल्यावर तसं राहिलं नाही.

काळ्या एकरात तर खोल खड्डाच नको असं मी सुचवलं. भारी जमिनीत दोन फुटांचा खड्डा म्हणजे पाणी साठायची जागा. तिथे गादीवाफे करायचे, ट्रॅक्टरने माती ओढून दीड फूट उंच. वाफ्याची माती आधीच मोकळी झालेली असते, त्यामुळे गुटी कलमाची पिशवी बसेल एवढं १२ इंचांचं, सव्वा फूट खोल भोक पुरतं. इथे हातयंत्र आपल्या घरी आल्यासारखं चालतं. ३०० भोकं.

आणि कुंपणाचे दीडशे खांब. खांबाला मोठा खड्डा उलट त्रासाचा, कारण तो भरायला काँक्रीट जास्त लागतं आणि खांब हलतो. ८ इंचांचा अरुंद, सरळ, दोन फूट खोल खड्डा खांबासाठी सगळ्यात चांगला.

म्हणजे खांब आणि गादीवाफे मिळून साडेचारशे भोकं हातयंत्राची. भाड्याने घ्यायचं की विकत? मी भाड्याच्या बाजूने होतो. मामांचं म्हणणं वेगळं पडलं: बहार धरल्यावर फांद्यांना बांबूचे आधार, पुढे मेलेल्या झाडांच्या जागी नांग्या भरणं, आणि वस्तीवर आणखी चौघांना हेच यंत्र लागणार. त्यांनी ६३ सीसीचं, ४० ला १ गिअरचं, दोघांच्या दांड्याचं यंत्र ८ आणि १२ इंचांच्या पात्यांसह अठरा हजारांच्या आत घेतलं. सोबत दातांचे दोन जादा जोड घ्यायला मी लावले.

काम सुरू झाल्यावर

माळावरचे खड्डे एप्रिलमध्ये काढून झाले आणि मे महिनाभर तापले. चाळीस अंशांच्या वरचं सोलापूरचं ऊन इतर वेळी नकोसं होतं, खड्ड्यांना मात्र ते औषध आहे. मे अखेरीस ते भरून घेतले.

गादीवाफ्यावरची भोकं पहिला पाऊस होऊन वाफसा आल्यावर मारली. मामा रोज सकाळी मुठीत माती धरून बघायचे. ज्या दिवशी गोळा फुटायचा नाही त्या दिवशी यंत्र गोठ्यातच. दोन सकाळी असं काम थांबवलं, आणि मजूर ठरवलेले असताना ते थांबवायला धीर लागतो. भोक पाडल्यावर मामी आणि मामेबहीण खुरप्याने चारी बाजूंच्या भिंती ओरखडून घ्यायच्या. एका भोकाला अर्धं मिनिट. मी एवढंच सुचवलं होतं, त्यांनी पुढे जाऊन तळही टोकरला, आणि ते अधिक शहाणपणाचं झालं.

यंत्र चालवण्याची शिस्त मामेभावाने धरली. एका लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर टू-टी तेल, म्हणजे २५ ला १, हे त्या यंत्राच्या पुस्तिकेतलं प्रमाण. मोजायला औषधाच्या बाटलीचं झाकण घेतलं, अंदाजाने ओतलं नाही. दर सहा इंचांनी पाता वर घेऊन माती झटकायची. काम संपल्यावर टाकीतलं पेट्रोल काढून घ्यायचं आणि कार्बोरेटरमधलं संपेपर्यंत इंजिन चालवायचं. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये ओल धरते, ते महिनोन्महिने टाकीत राहिलं की पुढच्या हंगामात यंत्र थेट माझ्या दुकानात येतं.

खांबांच्या बाबतीत मात्र माझा अंदाज चुकला. पहारीचा नकाशा मी झाडांच्या ओळींवर जास्त आणि कुंपणाच्या रेषेवर कमी केला होता. ओढ्याकडच्या बाजूला फुल्या दिसल्या होत्या, तरी तिथे आणखी जागा तपासायला हव्या होत्या. तिथल्या बारा खांबांच्या जागी पाता फुटाच्या आतच वाजला. दातांचा एक जोड तिथेच संपला. शेवटी चार ठिकाणी खांब थोडे पुढेमागे सरकवले, बाकी सात ठिकाणी छिन्नी-हातोड्याने दोन गडी दोन दिवस बसले.

पहिल्या पावसाळ्यानंतर मी गेलो तेव्हा जोरदार सरीनंतर तिसऱ्या दिवशी गादीवाफ्यांत चिखल नव्हता, सरीतून पाणी ओढ्याला गेलं होतं. चाचणीचा तो चोपडा खड्डा मामांनी मुद्दाम बुजवला नव्हता. त्यात पाणी होतं. वस्तीवरच्या ज्याला यंत्र हवं असतं त्याला मामा आधी तो खड्डा दाखवतात.

बाराव्या खांबाचं राहिलंच. तो ओढ्याच्या वळणावर आहे, खाली एकसंध कातळ. छिन्नी चालली नाही, सरकवायला जागा नव्हती. तिथे वर दगडांचा चौथरा रचून त्यात काँक्रीट भरलं आणि खांब उभा केला. तो रेषेपासून फूटभर आत आहे, आणि तिथे तारेला बारीकसा कोन पडला आहे.